मामांचा एसी, दादाचं गेज

२०२४ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात कलम १४४ लागलं होतं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. पारा ४५ च्या वर जाऊन बसला होता म्हणून. कामगारांना पाणी आणि पंखा द्या, खासगी शिकवण्या भर दुपारी भरवू नका, असं सांगणारा जिल्हाधिकाऱ्यांचा तो आदेश ३१ मेपर्यंत होता. बाहेरगावच्या नातेवाइकांनी फोन करकरून त्यावर विनोद केले. इथं कोणी फारसं हसलं नाही, कारण त्याच आठवड्यात घराघरांतले एसी एकामागून एक माना टाकत होते.

माझा मावसभाऊ अमरावतीला एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. आयटीआय झालेला, गाडगेनगरकडे एका गाळ्याचं दुकान. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्या आठवड्याबद्दल त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे : "लोकायनं जे एसी बदलले त्यातले बरेच बदलायची गरज नव्हती, अन् आम्ही जे दुरुस्त केले त्यातले बरेच दुरुस्त कराले नको होते." हे वाक्य त्यानं यंदा मार्चमध्ये अकोल्यात, जठारपेठेतल्या मामांच्या घरी म्हटलं आणि मामांनी त्याला तिथल्या तिथं धरलं. संध्याकाळच्या चहापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत जे चाललं, त्यातलं कामाचं तेवढं इथं मांडतो.

दोघांच्या बाजू आधीच सांगतो, कारण त्या अपेक्षेच्या उलट होत्या. दुरुस्तीवर ज्याचं पोट आहे तो दादा म्हणत होता, काढून टाका. आणि आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजलेले मामा म्हणत होते, दुरुस्त कर.

मशीन २०१२ सालचं. दीड टनाचा स्प्लिट, तीन स्टारचा, इन्व्हर्टर नसलेला, आत आर-२२ गॅस. गेली काही वर्षं दर चैत्रात कोणीतरी येऊन गॅस भरून जाई आणि पुढच्या चैत्रात खोली पुन्हा गार होत नसे. यंदा दादा एका लग्नासाठी अकोल्यात आला होता, तो मामांना आयता सापडला.

"आलाच आहेस तर गॅस तेवढा टाकून दे."

"मामा, गॅस म्हणजे काय पेट्रोल हाये का, जाळला अन् संपला? बंद नळीत फिरून राहते तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. आधी भोक पाहू, मंग बोलू."

"आजवर आलेला एकही मेकॅनिक असं बोलला नाही."

"कायले बोलन? दर साली तीन हजार भेटते त्याले."

दादाच्या गाडीच्या डिक्कीत दाब मोजायचं गेज आणि साबणाच्या पाण्याची बाटली कायम असते. लग्नाचा सदरा काढून, बनियनवर तो गच्चीवर गेला. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, चोरीच्या भीतीनं लोखंडी पिंजऱ्यात कोंडलेलं. मागच्या पातळ पात्यांवर धूळ आणि जिनिंगकडून उडत येणारा कापसाचा तूस यांचा बोटभर थर, आणि त्याखाली पांढरी खपली. दादानं ती नखानं खरवडली.

"बोअरच्या पाण्यानं धुता काय हे?"

"दर रविवारी," मामा अभिमानानं म्हणाले.

"नका धुऊ. खारं पानी हाये ते. पत्रा खाते, पात्या खाते."

खालून मामींचा आवाज आला, "मी कवाची सांगून राहिली." मामी माहेरच्या दर्यापूरच्या, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातल्या. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी कूलरच्या पत्र्याचं काय करतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत.

मशीन चालू करून गेज लावलं तर काटा पस्तिसाच्या आसपास अडकला. आर-२२ ला या दिवसांत साठ-सत्तर तरी हवा. बाहेरच्या बारक्या नळीवर बर्फाची पांढरी साय धरली होती. गॅस अर्धवट असला की असंच होतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, किती गार! जोडांच्या पितळी नटांवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं, काही नाही. मग दादा खोलीत आला, आतल्या युनिटचं झाकण उतरवलं आणि मोबाइलच्या उजेडात कॉइलच्या डाव्या टोकाला, जिथं तांब्याच्या नळ्या यू आकारात वळतात, तिथं पाहत राहिला. एका वळणावर तेलकट काळा डाग होता. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस निसटतो तिथं तेल उरतं, आणि तेलावर धूळ बसते. ब्रशनं फेस लावला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हरभऱ्याएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा.

इतक्या वर्षांत इतके हजार देऊन जे कोणी दाखवलं नव्हतं, ते मामांनी चष्मा चढवून पाहिलं. "बरं. भोक सापडलं. बुजव."

"बुजवता येते. पन माह्या मते बुजवू नका."

खरा वाद इथून पेटला.

मामांचं पहिलं अस्त्र शकुंतला. वऱ्हाडात जुन्या वस्तूची बाजू घ्यायची आणि शकुंतलेचं नाव काढायचं नाही, हे होऊच शकत नाही. "मूर्तिजापूर-अचलपूरच्या गाडीचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९९४ पर्यंत धावलं. का? कारण प्रत्येक भाग खोलता येत होता, घासता येत होता, पुन्हा बसवता येत होता. हा तुझा नवा इन्व्हर्टर एसी खोलता येतो का? एक बोर्ड, तो गेला की पंधरा हजार."

"अन् आता कुठं हाये तुमची शकुंतला? मूर्तिजापूरवाले वाट पाहून राहिले अजून."

"ती रुळांमुळे बंद आहे. इंजिनामुळे नाही."

"मंग हेच तं म्हणतो मी! तुमचं इंजिन ठीक हाये, मामा. कंप्रेसर मस्त हाये. रूळ गेला. ज्या गॅसवर हे चालते तो गॅसच चालला."

दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभर टप्प्याटप्प्यानं बंद होतो आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्यावर चालणारं नवं यंत्र बनवायला मनाई आहे, आणि २०३० नंतर दुरुस्तीसाठीसुद्धा तो नावापुरताच उरेल. कोणी म्हणेल, मग जुन्याच मशीनमध्ये नवा गॅस भरा. असं करणारे आहेतही. पण आर-३२ चा दाब बराच जास्त, त्याला लागणारं तेल वेगळं. आणि आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन, घरच्या गॅससारखा पेटणारा. ज्या मशीनमध्ये तो कारखान्यातून येतो तिथं तो तोलून-मापून, थोडका आणि सगळी काळजी घेऊन भरलेला असतो. आर-२२ च्या मशीनमध्ये तो कोंबणाऱ्याला दादा मेकॅनिक म्हणत नाही. जे म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

"२०३० पर्यंत मिळतो ना?" मामा म्हणाले. "माझं वय बघ. दोघांचं एकदमच आटपेल."

"शुभ बोला," मामी.

यानंतर मामा उठले आणि कपाटातून कालनिर्णयांची चळत घेऊन आले. मामा वर्षानुवर्षं विजेच्या मीटरचा आकडा रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनात लिहितात. निळ्या शाईत मीटर. एसी लावला असेल तर बाजूला लाल शाईत तास. पानं उलटली तर दिसतं, की लाल आकडे मार्चअखेर सुरू होतात, मे महिन्यात पाच-सहा-सातवर जातात आणि मृग बरसल्यावर विरळ होत होत संपतात. बेरीज साधारण सहाशे तास. एसीचे म्हणून हजाराच्या आसपास युनिट.

"आता तू बोल. नवा किती खाईल?"

"चांगला पाच स्टार असला तं साडेपाचशे-सहाशे."

"म्हणजे वाचले चारशे. एसी लागला की आपण शंभर युनिटांच्या वर जातोच, आणि तिथं महावितरणचा दर जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून बारा रुपये धरू. अठ्ठेचाळीसशे. नव्याची किंमत?"

"बसवून बेचाळीस हजार धरा. गेल्या सप्टेंबरपासून जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झाला, म्हणून."

"बेचाळीस भागिले अठ्ठेचाळीसशे. पावणेनऊ वर्षं! नव्याचे पैसे वसूल होईस्तोवर नवाच जुना होतो. दुकानदार मला सांगतो, तीन वर्षांत वसूल."

इथं दादानं जी गोष्ट सांगितली ती प्रत्येक घेणाऱ्याला ठाऊक हवी. लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात ते १६०० तास धरून काढलेले असतात. रोज आठ तास लावला तर दोनशे दिवस. मुंबईच्या ऑफिसात तेवढं होतही असेल. वऱ्हाडात कूलर असलेल्या घरी नाही. दुकानदाराची तीन वर्षं त्या सोळाशे तासांवर उभी असतात. शिवाय ते मोजताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान आहे असं गृहीत धरतात.

मामा खुर्चीत सरळ झाले. "किती? त्रेचाळीस? म्हणजे आमचा मे महिना यांच्या तक्त्यातच नाही!"

"नाही," दादा हसला. "अन् दीड टन हा आकडाही बाहेर पस्तीस असतानाचा. पंचेचाळीसमधी तुमचा जुना काय अन् शोरूमचा नवा काय, कोणीच पुरा दीड टन देत नाही. पन नवा थोडा कमी दमते. अन् तुमचे ते तीन स्टार आता विसरा. २०१८ मधी मोजायची रीतच बदलली, २०२२ च्या जुलैत पट्टी अजून कडक केली. बारा सालच्या तीन स्टारले आज एकही भेटणार नाही."

स्टार मोजून काय होतं, हे मामांना पटलं नाही आणि मलाही फारसं नाही. मामांच्या सहाशे तासांना तीन स्टार आणि पाच स्टार यांच्या बिलातला फरक फार तर दीड-दोन हजारांचा पडतो. किमतीतला फरक त्याच्या चार-पाच पट असतो. ज्यांच्याकडे घरून काम करणारं कोणी आहे, तान्हं बाळ आहे, अंथरुणावरचं माणूस आहे, त्यांचे तास दोन-तीन हजारांवर जातात. त्यांनी पाच स्टारच घ्यावा आणि जुन्याच्या दुरुस्तीत जीव अडकवू नये. दादानं बडनेरा रोडवरच्या एका घराचं उदाहरण दिलं : नवरा-बायको दोघंही लॅपटॉपवर, एसी सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत. "त्यायले मी दुरुस्तीचा भावच सांगितला नाही."

मामांचा हिशेब मात्र एका ठिकाणी कच्चा होता, आणि दादानं नेमकं तिथं बोट ठेवलं. "मामा, तुमच्या खात्यात गॅसचे पैसे कुठं हायेत? दर साली तीन हजार. ते मिळवा."

कालनिर्णयात गॅसची नोंद नव्हती. बँकेच्या माणसाला हे लागलं. अठ्ठेचाळीसशे आणि तीन हजार, अठ्ठ्याहत्तरशे. पावणेनऊ वर्षांची साडेपाच झाली.

"पण तू भोक बुजवलंस तर गॅस जाणारच नाही. मग पुन्हा पावणेनऊ."

"बुजलं तं," दादा म्हणाला.

सगळा वाद या दोन शब्दांवर येऊन ठेपला होता. वय किती, स्टार किती, नव्यावर सूट किती, हे सगळं नंतरचं. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की बदला, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगतात. तोही, नेमकं काय बिघडलं ते कळल्यावरच लावायचा असतो. मामांकडे इतकी वर्षं येणारा माणूस गॅस भरत होता. त्यानं दुरुस्ती एकदाही केली नव्हती. मग जुनं मशीन दुरुस्त करून टिकतं की नाही, याचा अनुभव मामांना तरी कुठं होता?

मामांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला : पर्यावरण. "तुम्हीच लोक सांगता, वस्तू फेकू नका, कचरा करू नका. चालू कंप्रेसर भंगारात घालायचा?"

दादाला हा मुद्दा आवडतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. मी ते त्याच्या बोलीत न देता आकड्यांत देतो. अशा मशीनमध्ये साधारण सव्वा किलो आर-२२ असतो. हवेत गेलेला एक किलो आर-२२ उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. म्हणजे भरलेला सगळा गॅस गेला तर दोन टनांच्या वर, निम्मा गेला तरी एक टन. आता वीज पाहा. देशभरच्या सगळ्या विजेची मिळून सरासरी धरली, तर एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. मामांच्या एसीची अख्ख्या उन्हाळ्याची वीज, हजार युनिट, म्हणजे सातशे किलो. मशीन जुनं म्हणून जास्त वीज खातं, ते पाप लहान. गळक्या मशीनमध्ये दरवर्षी गॅस ओतणं हे त्याहून कितीतरी मोठं.

"म्हणजे मी दर चैत्रात..." मामा गप्प झाले.

"हो. पन भंगारवाल्याले देऊनही तेच होते. तो काय करते? हातोडी मारून नळी तोडते. फुस्स. सगळा गॅस वर. त्याले तांबं पायजे." कायद्यानं ही जबाबदारी आता उत्पादकांवरही आहे, २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत एसी येतो. पण गॅस आधी वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेऊन मगच मशीन तोडणारा माणूस आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्यांत शोधून पाहा.

इतका वेळ मामी भाकरी थापत होत्या. त्या दारात आल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं ज्या खोलीसाठी भांडून राहिले, तिथं दिवसा मी किती वेळ असतो असं वाटते तुम्हाला?"

वऱ्हाडी बायका स्वतःबद्दल बोलताना 'असतो', 'जातो' म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये. दोघांकडेही उत्तर नव्हतं.

"दुपारी बारा ते दोन स्वयंपाकघरात. तिथं एसी नाही, कूलरची हवा येत नाही, वर तापलेला स्लॅब. बेचाळीस हजार म्हणे! त्या हॉलमधल्या कूलरवर माझी अर्धी जिंदगी गेली, त्याचं कोणी नाव काढत नाही."

मामींचा कूलरचा मुद्दा शास्त्राला धरून आहे. वऱ्हाडातला एप्रिल-मे कोरडा. दुपारी चव्वेचाळीस अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असली, तर चांगल्या, ओल्या ताट्यांच्या कूलरमधून बाहेर येणारी हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची असते, आणि वीज लागते दोनशे वॉटच्या आसपास. कोकणात हे शक्य नाही, म्हणून तिकडच्या माणसाला कूलर म्हणजे पाण्याचा पंखा वाटतो. अडचण पाण्याची. काटेपूर्णेचं पाणी नळाला रोज येत नाही, बोअरचं खारं. ताट्यांवर मीठ धरतं आणि हवा अडते. आणि मृग लागला, दमट झालं, की कूलर नुसता चिकचिक वाढवतो. एसीचे खरे दिवस मेच्या उकडत्या रात्री आणि जूनचे ते पंधरा-वीस दिवस. मामांचे लाल आकडे सहाशेवरच का थांबतात, याचं उत्तर त्या कूलरमध्ये होतं, आणि तो भरणाऱ्या मामींमध्ये.

जेवताना दादा थोडा मवाळ झाला. त्यानं चोवीसच्या मे महिन्यातली एक हकिगत सांगितली. अमरावतीच्या एका घरी एसी बंद पडला. कंप्रेसर नुसता घूं करायचा, टप्प वाजून थांबायचा, अर्ध्या तासानं पुन्हा तेच. कोणीतरी पाहून सांगितलं, कंप्रेसर गेला. पंचेचाळीस अंश, घरात म्हातारी आई. त्यांनी संध्याकाळपर्यंत नवा आणून बसवला. "जुना मी भंगाराच्या भावात घेतला. कपॅसिटर गेला होता फक्त. चारशे रुपयांचा. उन्हात फुगते तो. आता तो एसी माह्या दुकानात लागला हाये, त्याच्याच हवेत बसून गिऱ्हाइकायले सांगतो, की बाप्पा, मे महिन्यात निर्णय घेऊ नका."

"मग मला का काढायला सांगतोस?"

"कारण तुमी सत्तरीचे. हा पंचवीस मेले रात्री बंद पडला तं? मी अमरावतीहून दोन तासानं येईन, ते बी यादीतले चाळीस लोक सोडून. पैशाचं नाही म्हणत मी. रात्रीचं म्हणतो."

माझ्या मते दादाचा सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच होता, आणि तो त्यानं सगळ्यांत शेवटी, वरणात भाकरी कुस्करता कुस्करता मांडला. नवं मशीनही बंद पडतंच. पाल बोर्डवर चढते, चिकटते आणि सगळं गप्प होतं, हे दादानंच सांगितलं. पण त्याला वॉरंटी असते, आणि पार्ट मिळतात. बारा सालच्या मॉडेलची आतली कॉइल आता बाजारात नाही. डागलेली टिकली नाही, तर दुसरी येणार कुठून?

शेवटी मामांनीच तोड काढली. "असं कर. तुझ्या पद्धतीनं बुजव आणि तपास. टिकलं तर माझं, नाही टिकलं तर तुझं."

इथल्या एका ओळखीच्या दुकानातून नायट्रोजनचं सिलिंडर आणि टॉर्च आला. उरलेला गॅस दादानं सिलिंडरमध्ये ओढून घेतला. त्याच्याकडे ते यंत्र आहे, आणि अशा वेळी तो ते जरा जास्तच दिसेल असं ठेवतो. मग त्या वळणावर निळी ज्योत, ब्रेझिंगची कांडी, तांबं लालसर होईपर्यंतचे काही सेकंद, आणि वितळलेला धातू जोडाभोवती फिरून बसला. रात्री नऊला नळ्यांत नायट्रोजन भरला. काटा तीनशेवर. "रातभर ठेवू. सकाळी पाहू."

सकाळी काटा सत्त्याऐंशीवर होता. दोनशे सत्त्याऐंशी.

"उतरला," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहराही उतरला. तेरा अंकांची घट. कोणत्याही दुकानदारानं एवढ्यावर नव्याची पावती फाडली असती. दादानं काही न बोलता मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडला. रात्री गच्ची तापलेली होती, पस्तीस तरी असेल. पहाटे बावीस. वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो, शाळेत शिकलेलंच ते. गुणाकार-भागाकार करून त्यानं मोबाइल मामांपुढे धरला.

"तापमानानं उतरलेला तेवढाच हाये. गळती नाही. तुमी जिंकले."

मामांनी तो हिशेब कागदावर स्वतः पुन्हा करून पाहिला. मगच हसले.

दुपारपर्यंत व्हॅक्युम पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढली गेली, गॅस वजनकाट्यावर तोलून भरला गेला, लोखंडी पिंजऱ्याची मागची बाजू कापून हवेला वाट झाली. वर सावलीसाठी एक पत्रा लागेल, तो बाकी आहे. सगळं मिळून साडेपाच हजार. भाच्याला द्यायचे म्हणून मामांनी पाचशे कमी करायचा प्रयत्न केला, तो चालला नाही.

दादानं अटी मात्र लेखी घेतल्या, त्याही कालनिर्णयावर. दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये गेज लावून पाहायचं, चैत्रात नाही. दाब उतरलेला दिसला तर पुन्हा डाग द्यायचा नाही, गॅस तर मुळीच भरायचा नाही; थंडीच्या दिवसांत, चार दुकानं फिरून, नवा घ्यायचा. मामांनी त्याखाली सही केली आणि तारीख टाकली.

"म्हणजे बेचाळीसमधले साडेछत्तीस वाचले," मामी दारातून म्हणाल्या. "आता स्वयंपाकघराचं बोला."

"पाहू," मामा म्हणाले.

"पाहू नाही. वरच्या स्लॅबला पांढरा रंग, खिडकीत बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा, अन् हॉलचा कूलर या भिंतीकडे सरकवायचा. किती होतात रे, दादा?"

दादा तोवर टेप घेऊन ओट्यावर चढला होता आणि खिडकीची रुंदी मोजत होता.